सालवनाची बंदी

पूर्वी अरिष्टपूर नगरात अरिंदम राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच नगरात जन्म घेतला आणि वयात आल्यावर तो राजाचा अमात्य झाला. भद्रसेन हे त्याचे नाव. बोधिसत्त्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादा कृश, डोळे मिटून बसलेला तपस्वी उभा राहतो. भद्रसेन तसा मुळीच नव्हता. अंगाने भरलेला, जेवणाचा शौकीन, आणि तळे दिसले की उपरणे काठावर टाकून सरळ पाण्यात उतरणारा. राजा त्याची थट्टा करी, पण त्याच्यावाचून राजाचे पानही हलत नसे.

नगराच्या उत्तरेला, कोसभर अंतरावर, मोठे सालवन होते. चैत्रात साल फुलला की त्याचा मंद वास वाऱ्यावर नगरात येई, आणि मग कुणाचेच कामात लक्ष लागत नसे. माग थांबत, कुंभाराची चाके थांबत, तेल्यांचे घाणे थांबत. सगळे नगर पोरेबाळे, भांडीकुंडी घेऊन वनात उतरायला जाई. तिथे तळ्यात डुंबावे, झाडांना झोके बांधावेत, दगडांच्या चुली मांडून रांधावे आणि जाजमासारख्या पसरलेल्या पाचोळ्यावर आडवे व्हावे, असे काही दिवस मजेत जात. राजाही जाई. त्याला त्या दिवसांची फार ओढ असे, कारण तळ्यात एकदा शिरल्यावर कुंभाराची पोरेसुद्धा त्याच्या तोंडावर पाणी उडवीत आणि कुणी त्यांना रागे भरत नसे.

परतीच्या दिवशी प्रत्येक घराने सालाची एक फुललेली डहाळी मोडून आणायची आणि दारावर बांधायची, असा रिवाज होता. ती सुकेपर्यंत घरात लक्ष्मी राहते, अशी लोकांची समजूत. पण डहाळी हातानेच मोडायची, आणि उडी मारून जेवढी हाताला लागेल तेवढीच. आजोबांनाही नातवंडे उडी मारायला लावीत. त्यात डहाळीपेक्षा हसणेच अधिक असे.

पुढे एका सावकाराने आपला दरवाजा झाकला जाईल एवढी फांदी आणली. शेजाऱ्याला ते कसे सोसावे? दुसऱ्या वर्षी त्याने त्याहून मोठी आणली. चढाओढ लागली. एके वर्षी राजाची तबियत खुशीत होती. त्याने सर्वांत मोठी फांदी आणणाऱ्याला आपल्या हत्तीवर बसवून नगरातून मिरवले. चूक एवढीशीच होती, पण ती राजाची होती. पुढच्या चैत्रात लोक वनात दोर आणि कुऱ्हाडी घेऊन गेले.

भद्रसेनाने राजाला एकदा सांगून पाहिले, दोनदा सांगून पाहिले. राजा म्हणाला, लोकांचा सण आहे, चालायचेच. मग एके वर्षी असे झाले, की मिरवणुकीच्या हत्तीवर लादलेल्या भल्यामोठ्या फांदीत एक घरटे तसेच राहिले होते. पिले आत होती. त्यांची आई वनापासून नगरापर्यंत हत्तीभोवती ओरडत घिरट्या घालीत आली. वाजंत्र्यांच्या गदारोळात तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. राजा हत्तीच्या शेजारीच रथात होता, त्याला आला. राजवाड्याच्या दारात फांदी उतरवली, तेव्हा पिले मेलेली होती आणि आई समोरच्या तोरणावर बसून राहिली होती.

राजा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दवंडी पिटवली, की आजपासून सालवन बंद. वनपाल आणि त्याच्या रक्षकांखेरीज जो कुणी आत पाऊल टाकील, त्याचा तो पाय तोडला जाईल. मग तो शेठ असो, सेनापती असो, की स्वतः राजा असो.

भद्रसेन म्हणाला, "महाराज, फांद्या तोडणे बंद करा, माणसे बंद करू नका. ज्याला वनाची गोडी आहे, तोच उद्या वनासाठी रडेल."

"लोकांना वनाची गोडी नाही, फांदीची आहे," राजा म्हणाला. "मी शब्द दिला आहे." भद्रसेन गप्प बसला.

राजा पिंडाने दुष्ट नव्हता हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याने कायदा स्वतःलाही लावला होता, आणि तो पाळणे त्याला जड जात होते. पिंगल नावाच्या माणसाला त्याने वनपाल नेमले. रोज संध्याकाळी राजा वाड्याच्या गच्चीवर जाई आणि उत्तरेकडची ती हिरवी रेघ बघत उभा राही. आपण तिकडे जात नाही, म्हणून ती तशी हिरवी आहे, असे मनाला समजावी. हा त्याचा त्यागच होता, आणि त्या त्यागाचा त्याला थोडासा अभिमानही वाटू लागला होता.

वर्षे गेली. चैत्र यायचा आणि जायचा. नगरातली माणसे चिडखोर झाली. शेजारी शेजाऱ्याशी पागोळीच्या पाण्यावरून भांडू लागला. वनात कधीही न गेलेली मुले मोठी होऊ लागली. त्यांना साल म्हणजे काय, हे सांगावे लागे.

अशाच एका चैत्रात सभा भरली असताना एक बाई पुढे आली. काळिंदी तिचे नाव, तेल्याची बायको, वयाने चाळिशीच्या पुढची. हात जोडून ती म्हणाली, "महाराज, सालवन तोडलं जातंय."

राजाने विचारले, "तुला कसे कळले?"

"डोळ्यांनी पाहिलं."

म्हणजे ती आत गेली होती. सभेतल्या प्रत्येकाच्या ते एकदमच ध्यानात आले, आणि जो तो तिच्या पायांकडे बघू लागला. धुळीने भरलेले, भेगा पडलेले पाय होते.

"वनात कशाला गेली होतीस?" राजाने विचारले. बाई लाकडे तोडायला गेली असेल, नाहीतर मध काढायला, असे त्याला वाटले. तसे असते तर त्याला शिक्षा करणे सोपे गेले असते.

"करमेना म्हणून, महाराज."

काही जण हसले. काळिंदी हसली नाही. "वर्षभर घाण्याच्या बैलामागं गोल गोल फिरते मी. सरळ चालायला मिळायचं ते फक्त वनात. परवा फुलांचा वास आला आणि पाय राहीनात. फांदीला हात लावणार नव्हते. एका झाडाखाली नुसती टेकून परत येणार होते."

"मग?"

"मग टेकायला झाडच सापडेना."

वनपाल पिंगल तिथेच उभा होता. तो पुढे सरसावला. बाईने स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केला आहे, आणि आता शिक्षा चुकवण्यासाठी ती भलतेच सांगते आहे, असे त्याने ठासून सांगितले. वन कसे आहे, ते महाराज रोज गच्चीवरून पाहतातच, असेही तो म्हणाला. राजाने मान हलवली. कालच तर पाहिले होते.

"कडेची झाडं उभी आहेत," काळिंदी म्हणाली. "गच्चीवरून तेवढीच दिसत असतील. आत नुसते खुंट आहेत."

राजाने तिला विचारले, की इथे येऊन बोललीस तर पाय जाईल, हे तुला ठाऊक नव्हते का. ठाऊक होते, ती म्हणाली. गप्प बसून पाहिले, पण घास घशाखाली उतरेना.

आता राजा पेचात सापडला. पाहून ये म्हणून कुणाला पाठवावे, तर वनात जायला कुणालाच मोकळीक नव्हती. ज्यांना होती, त्यांच्यावरच तर आरोप होता. स्वतः जावे, तर कायदा स्वतःच्याच पायावर येत होता. न जावे, तर या बाईचा पाय आजच तोडावा लागणार होता, आणि ती खरे बोलत असली तर? आपणच बांधलेल्या भिंतीला आपणच दार ठेवले नाही, हे त्याला त्या क्षणी उमगले.

तेव्हा भद्रसेन आसनावरून उठला. देह जड असल्यामुळे त्याला उठायला थोडा वेळ लागला.

"महाराज, आपण वनात चला," तो म्हणाला. "आपल्या पायाचा दंड माझ्या एका पायाने भरून घ्या. या बाईनेही आज्ञा मोडली आहे. तिचा दंड माझ्या दुसऱ्या पायाने भरून घ्या. मला पाय दोनच आहेत, पण कामाला तेवढे पुरतील."

राजा कसाबसा म्हणाला, "भद्रसेना, अपराध तुमचा नाही."

"वन मला आवडते असे मी जन्मभर सांगत आलो. आपण ते बंद केले, तेव्हा एकदा बोललो आणि मग गप्प राहिलो. इतक्या वर्षांत तिकडे फिरकलो नाही. ही बाई फिरकली. वनाचा अपराध कोणत्या पायांनी केला, महाराज, जे गेले त्यांनी की जे गेले नाहीत त्यांनी?"

राजा सिंहासनावरून खाली उतरला. "चला," एवढेच तो म्हणाला.

वनाच्या कडेला सर्वजण पायउतार झाले. सालांची ती हिरवी रांग जवळून पाहतानाही सुंदर दिसत होती, आणि राजाच्या मनात क्षणभर आशा उगवली की बाई खोटे बोलली असावी. अशी आशा केल्याची त्याला लगेच लाजही वाटली. रांग ओलांडून तो आत गेला, आणि ज्यांचे पाय आधीच दंडाला लागले होते ते भद्रसेन आणि काळिंदी तेवढे त्याच्या मागोमाग गेले. आत ऊन होते. सालवनात भर दुपारीसुद्धा कधी ऊन नसे. तिथे आता शेतात असावे तसे लख्ख ऊन पडले होते, आणि त्या उन्हात नजर पोचेल तिथवर खुंट होते. ओंडके ओढून नेल्याच्या खोल चाकोऱ्या नदीकडे गेल्या होत्या. तळ्यात सालीचे थर कुजून पाणी काळे पडले होते. दुरून डोंगर साजरे, ही म्हण लहानपणी राजानेही ऐकली होती. कुंपणच शेत खाते, हीही ऐकली होती. म्हणी ऐकून शहाणपण येत असते तर जगात दुसरे काय हवे होते!

पिंगल कुठे दिसेना. तो वाटेतूनच पसार झाला होता आणि नदीच्या उतारावर नावाड्यांनी त्याला धरला, हे मागाहून कळले.

राजा एका खुंटावर बसला आणि रडू लागला. आपल्याला कोण बघते आहे, याचे त्याला भान राहिले नाही. ज्या वनासाठी त्याने स्वतःचा आनंद सोडला, लोकांचा आनंद हिरावला, ते वन त्याच्याच आज्ञेच्या आडोशाने कापले गेले होते. लोक फांद्या तोडीत होते तेव्हा निदान झाडे तरी उभी होती.

काळिंदी थोड्या अंतरावर उभी होती. "उठा महाराज," ती म्हणाली, "अमात्य काय करतायत ते बघा."

भद्रसेन या खुंटावरून त्या खुंटाकडे वाकत वाकत चालला होता. राजाला वाटले, तो मेलेल्या झाडांना नमस्कार करतो आहे. जवळ जाऊन पाहिले, तर तो खुंटांच्या सालीवर बोट फिरवून काहीतरी शोधत होता.

"हे मेलेले नाहीत," भद्रसेन म्हणाला. त्याने गवत बाजूला केले. खुंटाच्या कडेने बोटाएवढे धुमारे फुटले होते, तांबूस, कोवळे. बरेचसे कुरतडलेले होते. "सालाला खालून फुटवा येतो. गुरे आणि हरणे खाऊन टाकतात म्हणून तो वाढत नाही. एकेका खुंटाला काटेरी कुंपण केले, आणि कुणी येऊन जाऊन त्याच्याकडे पाहत राहिले, तर तो उठेल."

"एवढ्या खुंटांकडे पाहणार कोण?" राजाने विचारले, आणि विचारतानाच त्याला उत्तर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भद्रसेन पाय धुऊन, कोरे धोतर नेसून राजवाड्यासमोरच्या मैदानात आला. सारे नगर जमले होते. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होते. भद्रसेन मात्र, चालता येते आहे तोवर चालून घ्यावे, तसा मैदानातून रमतगमत आला आणि मधोमध बसला. काळिंदी त्याच्या मागोमाग आली आणि आपला दंड आपणच भरणार, म्हणून हट्ट धरून त्याच्याशेजारी बसली.

राजा पुढे आला. राजाने शब्द फिरवणे म्हणजे त्या काळी मरणाहून वाईट समजले जाई. अरिंदमाच्या कुळात तसे कुणीच केले नव्हते. राजा मोठ्याने बोलू लागला.

"मी कायदा केला तो वन वाचवण्यासाठी. त्या कायद्याने वन बुडवले. आता तो पाळण्यासाठी यांचे पाय घेतले, तर माझा शब्द राहील आणि दुसरे काहीच राहणार नाही. माझा शब्द मी परत घेतो. अरिंदम शब्द फिरवणारा राजा होता, असे तुम्ही खुशाल म्हणा. ते खरे असेल."

त्याने खाली वाकून भद्रसेनाला हात देऊन उठवले. कुणीही त्याला शब्द फिरवणारा म्हटले नाही. पिंगलासाठी लोक सुळीची मागणी करीत होते. भद्रसेन म्हणाला, की मेलेला पिंगल एकाही खुंटाला कुंपण घालणार नाही. जिवंत राहिला तर निदान तेवढे तरी करील. त्याला वनातच कामाला लावले.

मग वन पुन्हा उघडले. प्रत्येक घराला एकेक खुंट नेमून दिला. त्याचे कुंपण, त्याचे पाणी, त्याची निगा त्या घराने पाहायची. फांदी कुणीही मोडायची नाही. झाडाने आपण होऊन खाली टाकलेली फुले तेवढी पदरात घेऊन यायची. चैत्र आला. वनात जायचे तर सावली कुठे होती? एक शेठजी कुरकुरले, की भाजणाऱ्या उन्हात खुंटाशेजारी बसून कसली मजा करायची. भद्रसेनाने चार बांबूंवर एक जुने धोतर ताणले, त्याखाली चूल मांडली आणि म्हणाला, "सावली नसली तरी भूक आहे ना?" हळूहळू सगळीकडे धोतरे, लुगडी, चादरी ताणल्या गेल्या. लोक आपापल्या खुंटाभोवती बसून जेवले आणि एकमेकांचे धुमारे पाहायला गेले. माझा वीतभर, तुझा बोटभर, अशी चढाओढ लागली. ही चढाओढ मात्र राजाने चालू दिली. तळे उपसून साफ केल्यावर त्यात सर्वांत आधी कोण उतरले, हे सांगायला नको.

हत्तीवरून मिरवायचा मान राजाने बंद केला नाही, फक्त माणूस बदलला. परतीच्या दिवशी जो सर्वांत शेवटी वनातून बाहेर येईल, ज्याने प्रत्येक चुलीच्या राखेवर तळहात ठेवून ती निवाली आहे अशी खात्री करून घेतली असेल, त्याला हत्तीवर बसवायचे, असे ठरले.

बरीच वर्षे गेली. साल घरांच्या छपरांहून उंच झाले, त्यांच्या पानांतून उन्हाचे नुसते कवडसे पडू लागले. राजाचे केस पिकले. एका परतीच्या संध्याकाळी लोक गाणी म्हणत नगराकडे निघाले, आणि राजा मागे राहून एकेका चुलीपाशी उकिडवा बसत पुढे सरकत होता. एका राखेत निखारा दडलेला होता. त्याच्या तळहाताला चटका बसला. मागून कुणीतरी लोट्यातले पाणी त्यावर ओतले. पाहतो तर काळिंदी, आता काठी टेकत चालणारी.

"तू हो पुढे," राजा म्हणाला. "मी बघतो उरलेल्या."

"नको महाराज," काळिंदी म्हणाली. "मागं एकदा तुमच्या एकट्यावर वन सोपवलं होतं आम्ही. बरोबरच निघू."

राजा हसला. दोघांनी उरलेल्या चुली बरोबर तपासल्या आणि वनाची कड एकाच वेळी ओलांडली. त्या वर्षी हत्तीवर कुणाला बसवायचे, यावर नगरात पुढे कितीतरी दिवस वाद चालला होता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. विहारालगतच्या आमराईत गावकरी येऊन बसत, मुले झोके घेत. तेव्हा राईला कुंपण घालून लोकांना बंदी करावी, असा आग्रह कंबलक नावाच्या वृद्ध भिक्षूने धरला होता. कथा संपल्यावर शास्त्यांनी ही गाथा म्हटली:

पाय न लागे ज्या वनाला। डोळा न पाहे तेथील घावाला।
जो वनी रमोनि आला। तोच राखी॥

आणि मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा अरिंदम राजा म्हणजे हा कंबलक. रोज राई झाडून मगच तिथे घटकाभर बसणारी उपासिका सोमा, ती तेव्हाची काळिंदी. तेव्हाचा पिंगल आज त्याच राईचा माळी आहे, आणि झाडे चांगली राखतो. अमात्य भद्रसेन तो मीच. जे आपल्याला आवडते त्याच्याजवळ जावे, त्यात आनंद मानावा, आणि निघताना ते आपल्या पाठीमागे तसेच नांदू द्यावे, याला मैत्री म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, साधली."

कंबलक उठून राईत गेला आणि झोक्याच्या दोरीने झाडाची साल घासली जाऊ नये म्हणून आपल्या चीवराचा एक तुकडा तिच्याखाली बांधून आला.